परुळेकरांचा गुप्त किनारा

"कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. तुझ्या बहिणीला तर मुळीच नाही," रवींद्र परुळेकरांनी बायकोला बजावलं.

"अहो, आपण स्पेनला फिरायला जातोय, दरोडा घालायला नाही," स्वप्ना म्हणाली.

"जागेबद्दल बोलतोय मी. चार ओळखीच्यांना कळलं की वाट लागली. पुढच्या वर्षी तिथे मिसळ मिळायला लागेल."

मानपाड्याच्या त्यांच्या फ्लॅटमागे लग्नाचा हॉल होता आणि वरच्या मजल्यावर वर्षभर फरशा कापणं चालू होतं. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेल्या परुळेकरांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, शांतता. ती भूमध्य समुद्राच्या काठी कुठेतरी शिल्लक असणार असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. रोज संध्याकाळी ते नकाशा मोठा करून स्पेनचा किनारा तपासायचे. वाळूवर छत्र्या दिसल्या की ती जागा बाद. अखेर दोन डोंगरांच्या बेचक्यात एक चिमुकला किनारा सापडला. त्याच्याबद्दल एका चिडलेल्या प्रवाशाने लिहिलं होतं, 'हॉटेल नाही, सावली नाही, चिटपाखरूही नाही. पुन्हा येणार नाही.' परुळेकरांनी हे स्वप्नाला दोनदा वाचून दाखवलं. जवळच्या गावात खोली घेतली, विमानाची तिकिटं काढली. लग्नानंतर प्रथमच दोघं एकटे कुठेतरी जाणार होते, म्हणून स्वप्नाने शाळेतून बिनपगारी रजा टाकली.

स्वप्ना खरोखरच कुणाकडे काही बोलली नाही. बोलले ते परुळेकर.

कळव्याला तिची धाकटी बहीण संचिता राहायची. तिच्याकडे पूजा होती. जेवणानंतर तिचा नवरा विनीत दात कोरत म्हणाला, "रवीदादा, समुद्रच बघायचा तर अलिबाग काय वाईट आहे? पाणी सगळीकडे सेमच."

हे मात्र परुळेकरांना सहन झालं नाही. त्यांनी मोबाईल काढला, नकाशा उघडला, डोंगर दाखवले, वाळू दाखवली, शेवटी राहायची जागाही दाखवली आणि म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

विनीत शब्दाचा पक्का. तो कुणालाच बोलला नाही. त्याने फक्त बुकिंग केलं.

"रवीदादा, सरप्राइज!" काही दिवसांनी त्याचा फोन आला. "आम्ही दोघं पण येतोय! तीच फ्लाइट, तुमच्या बाजूचीच रूम. मोठा स्पीकर घेतलाय. बीचवर गाणी लावून हाउजी खेळू, फुल धमाल!"

परुळेकर त्या रात्री जेवले नाहीत. स्वप्ना समजूत घालत होती, "असू दे हो. ते बसतील एका टोकाला, आपण दुसऱ्या."

"तो किनारा केवढा आहे माहितेय का तुला? त्याला टोकं नाहीत!"

सगळ्यांचे व्हिसा आले. निघायला आठ-दहा दिवस राहिले असताना परुळेकरांची कंबर धरली. म्हणजे त्यांनी ती धरली. सकाळी पलंगावरून उठताना ते "आई गं" म्हणून परत आडवे झाले. हिशोब सोपा होता. आपण आजारी पडलो की मेहुणी आणि साडू माणुसकीला जागून स्वतःचंही जाणं रद्द करतील. मग दिवाळीनंतर आपण दोघं गुपचूप जाऊन येऊ. बायकोला यातलं काही सांगायचं नव्हतं. ती बहिणीजवळ बोलून गेली असती.

स्वप्नाने गरम पाण्याची पिशवी आणली, पाठीला मलम चोळलं, मोजे घातले. स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली, ते परुळेकरांना ऐकू आलं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी कूस बदलली नाही. कंबर धरलेला माणूस कूस बदलत नाही.

तिसऱ्या दिवशी स्वप्नाने स्वतः विनीतला फोन केला. संध्याकाळी विनीत आणि संचिता आले, सोबत कोपरीचे आबा. हे आबा मणका बसवतात, असं विनीतचं म्हणणं होतं. त्यांचे पंजे ताटाएवढे होते.

"अहो, याची काही गरज नाही. आराम पडतोय," परुळेकर घाईघाईने म्हणाले.

"नक्की?" स्वप्नाने विचारलं. "खरंच काही दुखत नाहीये का? तसं सांगा."

परुळेकरांनी साडूकडे पाहिलं. "दुखतंय. पण थोडं."

"थोडं असतानाच काढावं," आबा म्हणाले आणि पलंगावर चढले.

त्यानंतर जो आवाज झाला तो हाडाचा की पलंगाचा, यावर कुणाचंच एकमत झालं नाही. परुळेकर किंचाळले.

"बसला!" आबा खूश होऊन म्हणाले.

मंडळी चहा पिऊन गेली तरी परुळेकर कण्हत होते.

"आता पुरे," स्वप्ना म्हणाली. "गेले ते."

"स्वप्ना, खरंच दुखतंय गं. पाय उचलत नाहीये."

"काल स्टुलावर चढून माळ्यावरून चकलीचा डबा काढलात, तेव्हा दाराशी होते मी." तिचा आवाज चढला नव्हता, याची परुळेकरांना जास्त भीती वाटली. "आज मी सगळ्यांसमोर विचारलं. एकदा 'नाही दुखत' म्हणाला असतात, तर आबांना चहा देऊन परत पाठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि महिनाभर पलंग सोडायचा नाही असं सांगितलं. परुळेकरांना वाटलं, आता तरी सगळं रद्द होईल. पण स्वप्ना बॅग भरत होती.

"तू जातेस? त्यांच्याबरोबर? आणि मी?"

"प्राची येतेय राहायला." प्राची म्हणजे त्यांची मुलगी. "ऑफिसचं काम इथूनच करेल."

"अगं, पण आपण दोघं जाणार होतो!"

"हो ना," स्वप्ना चेन ओढत म्हणाली. "पण तुम्हालाच तिथे कमीत कमी माणसं हवी होती."

तिकडे पोचल्यावर चौथ्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल केला. इकडे मागच्या लग्नाच्या हॉलमध्ये हळदीची गाणी चालू होती, वर फरशीचा कटर. प्राचीने मोबाईल परुळेकरांच्या छातीवर उभा करून ठेवला. निळं पाणी, दोन डोंगर, वाळूवर एक माणूस नाही.

"विनीत कुठाय? त्याचा स्पीकर?"

"त्यांना इथे बोअर झालं. ते दोघं शहरात गेलेत, शॉपिंगला. मी एकटीच आहे."

"बघ! म्हणालो नव्हतो मी? आता डावीकडे बघ, तो खडक. त्याच्यामागे सावली असणार दुपारी. आणि पाण्यात शिरताना उजवीकडून शिर, तिकडे दगड कमी आहेत. मी सगळा अभ्यास केलाय. आणि पहिल्यांदा डोळे मिटून नुसतं ऐकायचं, काही म्हणजे काही आवाज नाही, असं..."

परुळेकर बराच वेळ सांगत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावर नुसतं आभाळ दिसतंय.

"स्वप्ना? अगं, ऐकतेयस ना?"

प्राचीने वाकून पाहिलं. "बाबा, आईने फोन वाळूवर ठेवलाय. ती केव्हाच पाण्यात गेली असेल."

"कट करू नकोस," परुळेकर म्हणाले. हॉलमधल्या गाण्यातून, कटरच्या आवाजातून तिकडची लाट ऐकू येते का, हे पाहत ते पडून राहिले.