आनंदीबाईंच्या खोकल्याचा भाव

आमच्या थोरल्या नातीचं, सुप्रियाचं, लग्न दहिवलीत झालं ते २०२३ साल. त्याच वैशाखात आमच्या पोशीरच्या आनंदीबाईंच्या खोकल्याला बाजारभाव आला.

आनंदीबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. रस्त्याला लागून त्यांचं भाताचं खाचर, आणि सातबारा त्यांच्या एकटीच्या नावावर. पलीकडे मोठी वसाहत येणार, असा अंदाज होता. अंदाज कोणाचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे तो खोटा ठरवायला सोयच नव्हती. जमिनीचे दलाल कमलेशशेठ खाचर मागायला आले, तेव्हा आनंदीबाई भाताच्या रोपासाठी राब भाजत होत्या. पालापाचोळा आणि शेण पेटलं होतं, धूर गावभर पसरला होता.

"मी जित्ती हाय तवर भातच लावनार," त्या म्हणाल्या. "मंग तुमाला काय लावायचा त्यो लावा."

कमलेशशेठ अनुभवी माणूस. त्यांनी यातलं 'मंग' तेवढं ऐकलं.

ते थेट आनंदीबाईंच्या मुलाकडे, पोपटकडे गेले. पोपटने आईच्या पश्चात जमीन देण्याचं कबूल करून विसाराचे पैसे घेतले आणि त्यातून घरावर स्लॅब टाकला. कागद सभ्य भाषेत होता. त्यात मरण हा शब्द नव्हता. 'योग्य वेळी ताबा' असं होतं. योग्य वेळ दिवाळीच्या आत यावी, न आल्यास विसार दुप्पट परत, एवढीच अट होती.

पूर्वी आम्ही म्हातारेही पारावर बसून अंदाज करत असू. पाऊस कधी लागेल, कोणाची म्हैस कधी विईल, कोण कोणाच्या आधी जाईल. चुकलं तर हसायचं आणि तंबाखू मळायची. विचार फुकट होता, म्हणून कोणी फार करत नसे. कमलेशशेठनी आपल्या हक्काचे बारीक वाटे पाडून ते विकले. कशेळ्याच्या जीपवाल्यांनी घेतले, दोन गुरुजींनी घेतले, दहिवलीच्या एका कीर्तनकारांनीही घेतले. मग सगळा तालुका विचार करू लागला.

राबाच्या धुरात आमचा अख्खा गाव खोकतो. पाळण्यातलं पोरही खोकतं. पण त्या वर्षी खोकला फक्त आनंदीबाईंचा ऐकू आला. वाट्याचा भाव दुप्पट झाला. पोपटचा मुलगा जितेश रोज वाटेकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवेदन टाकू लागला : 'सकाळी भाकरी अर्धी. आवाज क्षीण. कल तेजीचा.'

लोक केळी घेऊन भेटायला येऊ लागले.

"आजी, कसा वाटतंय?"

"बरा हाय की."

एवढं ऐकलं की माणूस अंगणात जाऊन वाटा विकून टाकी. चढ्या भावात वाटा घेतलेले एक गुरुजी मात्र हटेनात.

"आजी, जरा तरी दुखत आसंल की कुटं!"

"दुकतंय ना. तुमी बसलाव ती माजी गोधडी हाय. पाय आखडलंत."

गुरुजींनी 'पायास त्रास' एवढंच बाहेर सांगितलं. भाव पुन्हा सावरला.

व्यवहार निकोप राहावा म्हणून 'प्रकृती निरीक्षण समिती' नेमली गेली. पाऊस लागल्यावर ठाकूरवाडीची गोदा लावणीला आली आणि तिने आनंदीबाईंना मुठ्यांचं, म्हणजे शेतातल्या बारक्या खेकड्यांचं, गरम कढण पाजलं. दुसऱ्या दिवशी आनंदीबाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. समितीने गोदाला नोटीस दिली : 'आपण पूर्वसूचना न देता पौष्टिक द्रव पाजून भाव पाडला आहे. खुलासा करावा.'

खुलासा गोदाने समितीसमोर तोंडी केला.

"म्हातारीला भूक लागली, मी कढान दिला. तुमचा भाव कुटल्या चुलीवर व्हता, मला काय ठावं?"

खुलासा असमाधानकारक म्हणून नोंदवला गेला.

मग खरी मंदी आली. आनंदीबाई डोक्यावर इरलं घेऊन खाचरात उतरल्या आणि वाकून आवण, म्हणजे भाताची रोपं, लावू लागल्या. बांधावर वाटेकरी छत्र्या उघडून रांगेने उभे राहिले. कोणी जप करत होतं. कशासाठी, ते विचारण्यासारखं नव्हतं. म्हातारीचा हात थांबला की सगळे पुढे झुकत. ती नाक शिंकरून पुन्हा वाके. या वयात एवढी तब्येत म्हणजे गुंतवणूकदारांचा सरळ विश्वासघात आहे, असं मत कीर्तनकारांनी व्यक्त केलं.

कमलेशशेठनी पोपटला बाजूला घेतलं. "पोपटराव, दिवाळीला किती ऱ्हायलं? स्लॅब विकून दुप्पट भरनार का?"

पोपट बांधाच्या कडेला आला. "आये, बस ना गं जरा. दम लागंल."

"दम तुला लागलाय रं! आवाज बग तुजा. ये, उतर खाली. आवनाची मूठ धर हातात, बरा वाटंल."

पोपट उतरला नाही. ज्या खाचरावर विसार घेतला, त्याच खाचरात लावणी कशी करणार? तो रोज उजाडल्यापासून तिथेच उभा राही, आईच्या श्वासाकडे बघत. तिने खोल श्वास घेतला की याचा अडके. त्याचं जेवण तुटलं. पण पोपटच्या भाकरीवर कोणाचा पैसा नव्हता, त्यामुळे ती कोणी मोजली नाही. आईने एकदा विचारलं, "गिळतोस ना रं काय?" जितेशने त्या प्रश्नाचं निवेदन ग्रुपवर टाकलं : 'आजींची स्मरणशक्ती शाबूत. कल मंदीचा.'

आता शेवट सांगायचा. कोण जाणार, ते नाव वाचकांनी मनात केव्हाच धरलं असेल; बहुतेकांनी वैशाखातल्या खोकल्यालाच धरलं. तुमचा कागद नाही, वाटा नाही, तरी छत्री उघडून आमच्या शेजारी उभे राहिलात आणि म्हातारीचा हात कधी थांबतो ते बघत राहिलात.

आनंदीबाईंचा एकुलता एक मुलगा पोपट, वय एकसष्ट, मंगळवार दिनांक २५ जुलै २०२३ रोजी सकाळी त्या बांधावर वारला.