तिसऱ्या मजल्यावरची उमेदवार

आमच्या बिल्डिंगमधल्या प्रणालीला काहीही विचारा, ती आधी म्हणते, "गुड क्वेश्चन." परवा टाकी भरून जिन्यातून पाणी वाहायला लागलं. मी खालून ओरडलो, "मोटर कोणी चालू ठेवली?" वरून शांतपणे उत्तर आलं, "गुड क्वेश्चन, काका." मग दोन सेकंदांनी, "मीच. ही माझी वीकनेस आहे आणि मी त्यावर काम करतेय." आता या मुलीला रागवायचं तरी कसं?

वय तेवीस, बीएस्सी आयटी. वडील उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, आई नर्सिंग होममध्ये आया. दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीला परततात. पूर्वी ही मंडळी पश्चिमेला बुवापाड्यात राहायची, तीन वर्षांपूर्वी इकडे अंबरनाथ पूर्वेला आमच्या वरच्या मजल्यावर आली. तेव्हा प्रणाली शिकत होती. नोकरीच्या मुलाखती नंतर सुरू झाल्या, आणि सतरा झाल्या. सराव हवा म्हणून ती जिन्यात भेटेल त्याला स्वतःची ओळख करून देते. दूधवाल्याला तिचे पाच वर्षांनंतरचे प्लॅन तोंडपाठ आहेत. इस्त्रीवाला तर एकदा हात जोडून म्हणाला, "दीदी, मेरी तरफ से आप सिलेक्ट हो. अब कपडे दे दो."

मी कंपनीत चौतीस वर्षं काढली, शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. आजच्या पोरांना धीर नाही, हे माझं ठाम मत. ते मी रोज दुपारी गेटजवळच्या बाकड्यावर बसून मांडायचो. मोबाईलवर अंगठा फिरवला की निकाल हातात पाहिजे यांना. आम्ही एका प्रमोशनसाठी नऊ वर्षं... असो, तो विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

गेल्या वर्षी आमच्या हिला, सुमनला, अर्धांगाचा झटका आला. हात-पाय पूर्ववत झाले, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द मात्र ओठाशी येऊन अडकायचा. पंचवीस वर्षं शिवणाचे क्लास घेतलेली बाई, तिच्या बोलण्यापुढे शिलाई मशीनचा आवाज ऐकू यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा. मी कुठे कमी पडलो? ती नुसतं "च" म्हणाली की मी सुरू, "चहा? चादर? चष्मा?" ती मान फिरवायची. हळूहळू तिने "च" म्हणणंही सोडलं. ही आता कधीच बोलणार नाही, या भीतीने मला घास गोड लागेना.

एका दुपारी मी बाकड्यावरून लवकर उठून घरी आलो, तर दार उघडंच. प्रणाली मोबाईल उपडा ठेवून सुमनसमोर ताठ बसलेली.

"काकू, आता तुमचा टर्न. तुमच्या कामाबद्दल सांगा."

"मी... शि..." सुमन अडकली.

"शिवण," मी दारातून मदत केली.

प्रणालीने माझ्याकडे न बघताच हात वर केला, नाक्यावरचा पोलीस करतो तसा. मी जागच्या जागी थांबलो. मिनिट गेलं, दीड गेलं. मला घाम फुटला, पण ती पोरगी ढिम्म.

"शि... शिकवायचे," सुमन म्हणाली. "पोरींना."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. नळ बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

नंतर कळलं, हे महिनाभर चाललं होतं. मी खाली बसून पिढीचे दोष सांगायचो, नेमकं तेव्हाच. मी प्रणालीला विचारलं, "तुला कंटाळा नाही येत गं?"

"गुड क्वेश्चन," ती म्हणाली, आणि या वेळी दोन सेकंदांहून जास्त थांबली. "काका, इंटरव्ह्यूत माझं कोणी पूर्ण ऐकतच नाही. अर्ध्यात थँक यू म्हणतात, स्क्रीन बंद. घरी दिवसभर मी एकटीच. काकू शेवटपर्यंत ऐकतात." मग ती नखं बघत बसली.

अठरावी मुलाखत तिने आमच्या हॉलमध्ये दिली, कारण वर कोणीतरी लाद्या फोडत होतं. लॅपटॉप शिलाई मशीनच्या फळीवर, त्याच्या मागे खुर्चीत सुमन, मी दाराशी. उत्तरं झकास चालली होती. तेवढ्यात त्या साहेबांनी विचारलं, डिग्री होऊन दोन वर्षं झाली, मग इतके दिवस केलंत काय?

प्रणालीच्या तोंडून गुड क्वेश्चनसुद्धा निघेना. कान लाल झालेले, ओठ नुसते हलतायत. मला राहवेना. अरे, या पोरीने काय केलंय ते मला विचारा. मी पुढे झालो, तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा," सुमन म्हणाली. स्वच्छ, कुठेही न अडता. "तिला बोलू दे."

मी उघडलेलं तोंड मिटलं. लॅपटॉपमधले साहेबही थांबले. प्रणालीने काकूंकडे पाहिलं, डोळे पुसले आणि बोलायला लागली. तिचं बोलून होईपर्यंत मध्ये कोणीही बोललं नाही.