उत्तमरावांची सहाची सकाळ

अलार्म लावून उठणारी माणसं उत्तमरावांच्या लेखी माणसंच नव्हती! "मले अलार्म कायले लागते? झोपताना उशीले सांगतो, सहाले उठव. बरोबर सहाले डोया उघडते!" अमरावतीत भेटेल त्याला ते हेच ऐकवत. लेक प्राजक्ताचं लग्न ठरवायला अकोल्याला गेले, तेव्हा होणारे व्याही केशवराव आणि विहीणबाई इंदूबाई यांनाही त्यांनी तासभर हेच ऐकवलं. "आमची प्राजक्ता बी तशीच! आमच्या घरी दिवसा कोनी आडवं होत नाही!" इंदूबाईंचा चेहरा तेव्हाच उतरला होता. पण समोरच्याचा चेहरा बघायची उत्तमरावांना सवय नव्हती.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी सकाळी नऊला केशवरावांच्या घरी ठरलं. रुख्मिणीबाई लेकीला घेऊन दोन दिवस आधीच अकोल्याला भावाकडे गेल्या. जाताना त्यांनी नवऱ्याला बजावलं, "अलार्म लावा बरं! बापच पोचला नाही तं लोक काय म्हनतीन?"

"उशी हाये ना!"

शनिवारी भातकुलीला मित्राच्या शेतात पंगत होती. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार आणि झणझणीत वांग्याची भाजी! सात रोडगे पोटात गेल्यावर माणसाचं काय चालणार? दोनला घरी येऊन उत्तमराव 'जरासं पडतो' म्हणून पडले आणि सवयीने उशीला सांगून बसले, "सहाले उठव."

उशीने इमानेइतबारे उठवलं!

बाहेर डिसेंबरचा अंधुक उजेड. मोबाइलवर ६:०२. देवळात आरतीची घंटा चालू. "बाप्पा! काल दुपारी पडलो तं एकदम सकायच!" थंड पाण्याने अंघोळ, अंगात कोट, गळ्यात मफलर, खिशात अंगठी, हातात पेढे. फाटकात दूधवाला देवानंद भेटला.

"काका, आता कुठं?"

"अकोल्याले! पाहून घे, माणसानं असं उठा लागते!"

देवानंदला काही कळलं नाही. पण गिऱ्हाईक जुनं, म्हणून त्याने मान डोलावली.

बसमध्ये उत्तमरावांनी मफलर तोंडावर ओढून पुन्हा डोळा लावला. अकोल्यात कंडक्टरने हलवलं तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि बाहेर काळोख. "लय धुकं पडलं वाटते," असं म्हणत ते ऑटोत बसले आणि रस्ताभर ऑटोवाल्याला घाई करत राहिले.

दार उघडंच होतं. केशवराव बनियन-लुंगीत ताटावर बसलेले, इंदूबाई भाकरी वाढत होत्या, नवरदेव किशोर टीव्हीसमोर लोळत होता.

"नऊ वाजले अन् तुमी जेवूनच राहिले?" उत्तमराव गरजले. "ना भटजी, ना पाहुणे! असं साक्षगंध करता काय?"

घास हातातच धरून केशवरावांनी व्याह्यांना विचारलं, "इवाई, कधीचे नऊ?"

"सकायचे!"

इंदूबाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं, पण आवाज काही कोपऱ्यात मावला नाही. "पिऊन आले हो हे! बेवड्याची पोरगी नाही पाहिजे मले! आत्ताच मोडा!"

उत्तमरावांनी खिडकीबाहेर बघितलं. धुकं कुठलं, स्वच्छ चांदणं पडलं होतं! बेवडा ठरायचं की झोपाळू, एवढंच आता त्यांच्या हातात होतं. आणि किशोरचं स्थळ ठरल्यापासून प्राजक्ता घरभर गुणगुणत फिरत होती.

"पेलो नाही जी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "झोपलो होतो. सात रोडगे खाल्ले अन् भरदुपारी चार तास घोरलो. संध्याकायचे सहा मले सकायचे वाटले. अन् प्राजक्ता बी... सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत उठत नाही. म्या खोटं सांगतलं."

"दहापर्यंत?" इंदूबाई पुढे आल्या. "खरंच?"

"आईची आन!"

इंदूबाई मटकन खालीच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अवं बाप्पा! महिनाभर माही झोप उडाली होती! म्हटलं, ही सून पाहाटे उठून आमाले हलवत बसते! भाऊ, आमच्या घरी आठाच्या आधी चहा बी होत नाही. उद्या नऊचं कसं जमते, हाच घोर होता!"

केशवरावांनी पाट सरकवला. "बसा इवाई. भाकर गरम हाये."

सकाळी नऊला रुख्मिणीबाई प्राजक्ता, भाऊ आणि भटजींना घेऊन दारात उभ्या. पंधरा मिनिटं बेल वाजवली, तेव्हा कुठे किशोरने डोळे चोळत दार उघडलं. आत एका सतरंजीवर, एकाच दुलईत, दोन्ही व्याही सुरात सूर मिळवून घोरत होते!

भटजींनी दोघांकडे बघितलं, पंचांग उघडलं, "साडेअकराचा मुहूर्त बी चांगला हाये" म्हणाले आणि स्वतःही सोफ्यावर जरासे आडवे झाले.