अ वर अडलेली पोर

सहामाहीचं प्रगतिपुस्तक देवाजीने उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरलं आणि मग भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याजवळ नेलं. तक्ता साक्षरता वर्गातला. वर्ग मध्येच बंद पडल्यामुळे देवाजीचं शिक्षण 'म' या अक्षरावर थांबलं होतं. पण तिथपर्यंतचं एक अक्षर चुकेल तर शपथ! प्रगतिपुस्तकात त्याच्या चौथीतल्या लेकीच्या, उर्वशीच्या नावावर मराठी अ, गणित अ, परिसर अभ्यास अ, असं लिहिलेलं होतं. मार्क कुठेच नव्हते. यंदापासून मार्कांऐवजी श्रेणी द्यायची असं वरून आलं होतं, आणि ते भिवरटोल्यातल्या आईबापांना सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"वच्छला," तो बायकोला म्हणाला, "चार वर्स झाले शाळेत जाऊन. पोट्टी अजूक अ वरच आहे."

वच्छला मासोळ्या साफ करत होती. तिचा हात थांबला. "सगळ्यात?"

"सगळ्यात. गणितात पण अ."

"बाबा, अ म्हणजे पयला नंबर," उर्वशी म्हणाली.

"मी तेच तं म्हणून राह्यलो! पयल्या अक्षरावून हाललीच नाई तू. वरून खोटं बोलाले शिकली."

एवढ्यात शेजारचा लच्छू दारात उभा. हातात पोराचं प्रगतिपुस्तक. "देवाजीभाऊ, पाहून सांग बरं. प्रवीणले ड भेटला म्हणते."

देवाजीने तक्त्यावर बोट ठेवून मोजलं. अ पासून ड पर्यंत भरली पंचवीस अक्षरं. लच्छूचा प्रवीण स्वतःचं नाव लिहिताना अजून शेजाऱ्याच्या पाटीत डोकावायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण लिहिलेलं ते लिहिलेलं. लच्छूने त्या दिवशी गावात बुंदी वाटली. वच्छलेनेही हात पुढे करून घेतली आणि न खाता झाकून ठेवली. तिला फार वाईट वाटलं होतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा उर्वशी वर्गात नव्हती, तलावात होती. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बापाच्या जाळ्याचं दुसरं टोक धरून. घनश्याम गुरुजी चपला हातात घेऊन चिखल तुडवत तलावाच्या बांधावर आले.

"देवाजीभाऊ, पोरीला शाळेत का नाही पाठवत?"

"पाठवून काय फायदा जी? तिले डोकं नाई."

"काय बोलता! वर्गात सगळ्यात हुशार आहे. पुढच्या साली तालुक्याला पाचवीत घालायची आहे तिला."

"मंग अ काऊन देल्ला?"

"हुशार आहे म्हणूनच दिला!"

देवाजीने जाळं ओढत काठावर टोपली घेऊन बसलेल्या बायकोकडे पाहिलं. वच्छलेने मान हलवली. गुरुजी चांगले होते, पण माणूस चांगला असला म्हणजे शहाणाच असतो असं नाही.

गुरुजींकडे एक परिपत्रक तीन महिने पडून होतं. मुलं शाळेत काय शिकतात हे पालकांना सोप्या भाषेत समजावून सांगावं, असं त्यात म्हटलं होतं. ते त्यांना आता आठवलं. शनिवारी सकाळी पालकांची सभा भरली. ड मिळवणाऱ्या पोराचा बाप म्हणून लच्छूला खुर्ची मिळाली, बाकीचे सतरंजीवर. गुरुजींनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: अ, ब, क, ड.

"आता पाहा. अ नंतर येतो ब..."

"अ नंतर आ येते गुरुजी," देवाजी बसल्या जागेवरून म्हणाला.

"हो, पण इथे अ नंतर ब."

"इथं म्हणजे? आपल्या गावात अलग आहे का?"

सतरंजी हसली. देवाजी उठला, फळ्याजवळ गेला, अ पासून म पर्यंत न अडखळता म्हणून दाखवलं आणि खडू गुरुजींच्या हातात परत दिला. "क च्या आधी ब कधीच येत नाई जी. तुमी दमले असान."

गुरुजींनी शेवटचा उपाय केला. "लच्छूभाऊ, राग मानू नका. पण ड म्हणजे ढ च्या एक घर अलीकडे."

"म्हणजे पुढच्या खेपेले ढ!" लच्छू खुर्चीवरून अर्धा उठला.

सोमवारी बावीसपैकी नऊ पोरं शाळेत आली नाहीत. ज्या मास्तरला अ नंतरचं अक्षर येत नाही, त्याच्याकडे पोरं पाठवायची कशाला? लोकांचं म्हणणं चूक नव्हतं.

मंगळवारी सकाळी गुरुजी देवाजीच्या घरी गेले. चहा झाला. गुरुजी तो भिंतीवरचा तक्ता बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी उर्वशीचं प्रगतिपुस्तक मागून घेतलं, सगळ्या अ वर आडव्या रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेच्या शेजारी नवीन अक्षर लिहिलं.

"माझी चूक झाली. पोरीचं अक्षर हे आहे."

देवाजीने बोट तक्त्यावर ठेवलं. म आला. बोट तिथे जरा थबकलं, कारण त्यापुढे तो स्वतः कधी गेला नव्हता. मग य, र, ल करत बोट थेट खालच्या कोपऱ्यात पोचलं आणि पुढे कागदच संपला.

"ज्ञ," उर्वशीने वाचून दाखवलं.

"एवढ्या दूर?" देवाजीने बोट तिथून उचललंच नाही. "वच्छला, पोरगी पार शेवटपर्यंत गेली वं!" वच्छलेने डोळ्यांना पदर लावला. उर्वशीने दप्तर उचललं. गुरुजींना पार ज्ञ पर्यंत येतं ही बातमी गावभर फिरली आणि त्याच दुपारी नऊच्या नऊ पोरं शाळेत हजर झाली. लच्छू तेवढा धावत आला होता. त्याच्या प्रवीणला कबूल केल्याप्रमाणे ढ मिळाला.

वार्षिक निकालातही गुरुजींनी सगळीकडे ज्ञ लिहिला. इतक्या कष्टाने बसलेली घडी कोण मोडणार? जूनमध्ये देवाजी धुतलेला सदरा घालून लेकीला घेऊन तालुक्याच्या गावी, चिमूरच्या एका शाळेत गेला. पाचवीचा प्रवेश साधनाबाईंकडे होता. त्यांनी प्रगतिपुस्तक पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि परत पाहिलं.

"ज्ञ? ही कोणती श्रेणी? इथे फक्त अ वाल्यांनाच घेतो आम्ही. जागा कमी आहेत."

देवाजीचं तोंड उतरलं. "बाई, अ होता तिले. मागंच होता. मोठ्या मुश्किलीनं इथवर आली. आता जास्त शिकली म्हणून घेत नाई का?"

साधनाबाईंनी टेबलावरचं वर्तमानपत्र उर्वशीपुढे सरकवलं. उर्वशीने धडाधड वाचलं. बाईंनी दोन गणितं घातली, तीही तिने तोंडी सोडवली. बाई हसल्या. ज्ञ वर रेघ मारून त्यांनी शेजारी ठळक अ लिहिला, सही केली आणि रजिस्टरात नाव चढवलं.

"झाला प्रवेश. उद्यापासून पाठवा."

देवाजीने ते अक्षर पाहिलं. भांडावं असं त्याच्या मनात आलं. पण जागा कमी होत्या आणि पोरीचं नाव लागलं होतं. त्याने दोन्ही हात जोडले. बाहेर आल्यावर लेकीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून तो हळूच म्हणाला, "जाऊ दे वं पोरी, रडू नको. एकडाव चढली तशी पुन्हा चढशीन."

उर्वशी रडत नव्हतीच. डोळे त्याचेच भरले होते.