बेरीज न होणारे आकडे

गुरुसिद्धप्पा अण्णांनी एकदा घरी आलेल्या डॉक्टरांना थर्मामीटरवरून धारेवर धरलं होतं. बायको आणि सासू दोघी एकाच वेळी अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टर म्हणाले, यांना एकशे एक आहे, आजींना शंभर. अण्णा म्हणाले, "मग घरात दोनशे एक ताप हाय म्हणा की." डॉक्टर हसले. अण्णा हसले नाहीत. "बेरीज होतंय काय याचं? न्हाई न्हवं? मग याला आकडा कशाला म्हणताय? नाव हाय ते तापाचं." डॉक्टरांनी घाईघाईने बॅग उचलली आणि स्टेथॉस्कोप तिथेच विसरून गेले.

सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, अण्णा हेडक्लार्क होते आणि मी टायपिस्ट. सत्तरच्या दशकातली गोष्ट. ऑफिसात खुर्चीवर बसणारी बाई मी एकटीच, त्यामुळे बाकीचे माझ्याशी बोलताना एक तर फार हळू बोलायचे नाही तर फार मोठ्याने. अण्णा मात्र पहिल्या दिवसापासून मला "अक्का" म्हणायचे. मी त्यांच्या निम्म्या वयाची होते, पण अक्कलकोटकडच्या माणसाला असल्या गोष्टींनी फरक पडत नाही.

अण्णांच्या मते जगातल्या आकड्यांच्या दोन जाती होत्या. ज्यांची बेरीज होते ते खरे आकडे. हजेरीचे दिवस, कापडाचे मीटर, सुताची वजनं. ती निळ्या शाईने लिहायची. ज्यांची बेरीज होत नाही ती नावं. कामगाराच्या बिल्ल्याचा नंबर, मागाचा नंबर, खोलीचा नंबर. ती तांबड्या शाईने. टेबलावर दोन दौती आणि दोन टाक, आणि मधे पुठ्ठ्याची भिंत. मी एकदा चुकून एक बिल्ला निळ्याने लिहिला, तर त्यांनी अख्खं पान परत लिहायला लावलं. मी कुरकुर केली, तेव्हा म्हणाले, "सात नंबरचा बूट आन् आठ नंबरचा बूट मिळून पंधरा नंबरचा पाय होतंय काय, अक्का?" अशा माणसाशी वाद कुठून सुरू करायचा तेच मला कळत नसे.

आणि अशा माणसाच्या राज्यात एके दिवशी मुंबईहून देसाई आला.

मॅनेजरसाहेबांनी ठरवलं होतं, की सगळ्या कामगारांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची. कॉम्प्युटर मुंबईत होता. मी सोलापुरात यादी टाइप करायची, देसाईच्या लोकांनी ती बघून कार्डांना भोकं पाडायची, आणि ती भोकं यंत्राने वाचायची. यंत्राला प्रत्येक रकान्याबद्दल आधी एवढंच सांगावं लागे, की इथे आकडे येणार की अक्षरं. देसाईचे कल्ले लांब होते आणि इंग्रजी वाक्यं त्याहून लांब. मी अर्थातच त्याच्या बाजूने होते.

"पन हे ठरवनार कोन?" अण्णांनी विचारलं.

"आमचा माणूस ठरवतो. यादीच्या पहिल्या दहा ओळी बघतो. दहाही ओळींत आकडे दिसले की रकाना आकड्यांचा."

"आन् अकरावी ओळ?"

"ती तशीच असणार ना."

अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. हे वादळाचं चिन्ह होतं. "साहेब, तुमी लग्नात वाढाय उभारलाय. पहिल्या धा पानांवरची मानसं पुरनपोळी मागत्यात. अकराव्या पानावरच्याला साखरेचं दुखनं हाय. त्याला इचारनार की न्हाई?"

देसाई मला म्हणाला, "यंत्र चुकत नाही." मी मान डोलावली. आजही ती मान आठवली की मला लाज वाटते.

महिन्याभराने हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कागदावर छापलेली यादी आली. लांबलचक, घडीवर घडी. पहिला गोंधळ बिल्ल्यांचा. सूत गुंडाळणाऱ्या बायकांचे बिल्ले शून्यापासून सुरू व्हायचे. नागव्वाचा ०११२. विणकाम खात्यात हणमंतू जॉबर, म्हणजे मुकादम, त्याचा नुसता ११२. यंत्राने रकाना आकड्यांचा धरला, पुढचं शून्य फुकटचं म्हणून गिळून टाकलं, आणि नागव्वा व हणमंतू एकच माणूस झाले. दोन दिवस फाटकावरचा रखवालदार "एकशेबारा" अशी हाक मारून कोण वळून बघतं ते पाहत उभा. हणमंतूच्या मिशा कानापर्यंत होत्या.

परवा माझ्या नातीने तिच्या कॉम्प्युटरवर सोसायटीतल्या लोकांची साधी यादी उघडली. फोन नंबरांच्या पुढची शून्यं गायब, आणि ज्या घराचा नंबर ३-४, त्याची चक्क तीन एप्रिल तारीख झालेली. ती वैतागली. मी मात्र जुना माणूस भेटावा तशी हसत बसले. इतकी वर्षं गेली, तरी यंत्राची खोड तीच आहे. जे दिसेल त्याचा आकडा करायचा, आणि विचारायचं कुणालाच नाही.

खरा घोळ जन्मतारखांचा झाला. यादीच्या पहिल्या दहा ओळी ऑफिसच्या लोकांच्या होत्या. मॅनेजरसाहेब, अण्णा, मी. सगळ्यांच्या तारखा कागदोपत्री नीट. म्हणून तोही रकाना आकड्यांचा ठरला. पण खाली सूत गुंडाळणाऱ्या चाळीसेक बायका होत्या आणि त्यांच्यापैकी कुणालाच तारीख ठाऊक नव्हती. त्यांनी जे सांगितलं ते अण्णांनी शब्दाला शब्द तांबड्या शाईने लिहिलं होतं, आणि मला तसंच टाइप करायला लावलं होतं. "प्लेगात गाव रानात गेलं त्या साली." "थोरलीच्या लग्नात आईच्या पोटात." यंत्राला त्यात आकडा सापडेना, म्हणून त्याने शून्य धरलं. शून्याची तारीख केली ती एक जानेवारी एकोणीसशे. म्हणजे त्या सगळ्या बायका एकाच दिवशी जन्मल्या आणि सगळ्यांनी सत्तरी ओलांडली.

मॅनेजरसाहेबांनी यादी चाळली. आपल्या गिरणीत इतक्या म्हाताऱ्या कधी झाल्या, याचं त्यांना आश्चर्य वाटलं, पण छापील कागदावर शंका घ्यायची त्यांची पद्धत नव्हती. साठीच्या वरच्यांना महिनाअखेर घरी पाठवा, असा हुकूम निघाला.

नागव्वा नोटीस घेऊन टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. चाळिशीची, काटक, सगळ्या खात्यात जीभ सगळ्यात तिखट.

"सत्तर व्हय? तरीच गुडघं लई दुखत्यात," ती म्हणाली. मागच्या बायका हसल्या. मग तिने नोटीस खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "अण्णा, खरंच घरी बसवत्यात काय? दोन पोरी हायत पदरात. दुसरं कोन न्हाई."

अण्णा नोटीस घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला. रकाना बदलता येणार नव्हता. कार्डांना भोकं पाडून झाली होती. शनिवारपर्यंत प्रत्येकीची सहा आकडी तारीख दिली तर नोकरी राहणार. शब्द चालणार नाहीत.

"सोपं आहे," मी म्हणाले. "सगळ्यांना एक जून टाका. शाळेतले मास्तर तेच करतात. निम्मं सोलापूर एक जूनला जन्मलंय."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चाळीस बायका एका दिवशी जल्मल्या तर त्या सुईनीचं काय झालं आसंल, अक्का?"

मग त्यांनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचलं असतं. मठातून जुन्या पंचांगांचा गठ्ठा आणला आणि रोज जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या आवारातल्या लिंबाखाली बसून एकेकीची जन्मतारीख शोधायला घेतली. मी वही घेऊन शेजारी. कारहुणवीच्या सणाला बैल रंगवतात, त्याच्या आधी जन्मलीस की नंतर? आई बाळंत झाली तेव्हा रानात ज्वारी होती की भुईमूग? एकीला त्यांनी विचारलं, "तू रांगत हुतीस तवा पाऊस हुता काय?"

"मला कसं म्हाईत अण्णा? मी रांगत हुते की."

"मग मावशीला इचारून ये. उद्या."

दुसऱ्या दिवशी कुंभारी गावाहून मावशीच आली. तिने तारीख तर सांगितलीच, वर त्या दिवशी कुणी कुणाशी भांडण काढलं होतं तेही सांगितलं. अण्णा ते सगळं लिहून घेत होते. मी म्हटलं, भांडणाचा रकाना यंत्रात नाही. ते म्हणाले, "यंत्रात न्हाई. माझ्या वहीत हाय."

शुक्रवारपर्यंत सगळ्यांचा छडा लागला, एक नागव्वा सोडून. तिचे आई-बाप एकाच पटकीच्या साथीत गेले होते. तिला उचलून आणून वाढवणारी म्हातारीही गेली होती. सण नाही, पीक नाही, मावशी नाही. "सांगाय कोन ऱ्हायलंच न्हाई, अण्णा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने पुढे काही जोडलं नाही. अण्णा बराच वेळ पंचांगाची पानं उलटत राहिले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी शेवटचा कागद माझ्या मशीनशेजारी ठेवला. नागव्वाच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, अठरा ऑगस्ट आणि पुढे साल. हिशेबाने बेचाळीस वर्षं होत होती.

मला गंमत वाटली. "अण्णा, शेवटी तुम्हीपण यंत्राला थाप मारलीत की."

"थाप न्हवं, अक्का. तारीख खरी हाय."

"सापडली कुठे पण?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "माझी धाकटी भैन. गौरव्वा. बापानं पंचांगाच्या कोपऱ्यावर लिवून ठेवलं हुतं, वेळ घालून. सा वर्षांची आसताना तापानं गेली." मग म्हणाले, "तवापासनं तारीख पडून हाय घरात. नागव्वाचं वय बी तेवढंच बसतंय. कुनाच्या उपेगाला आली तर बरंच की."

मी ती तारीख टाइप केली. एकेक आकडा नीट दाबून केली. ती देसाईच्या यंत्राने निमूट घेतली. एकीचीही नोकरी गेली नाही, आणि ती तारीख कुणाची हे अण्णांनी नागव्वाला कधीच सांगितलं नाही.

पुढच्या अठरा ऑगस्टला सकाळची पाळी सुटल्यावर नागव्वा थेट ऑफिसात आली. डोक्यात अबोलीचा गजरा, हातात स्टीलचा डबा. डब्यात कडबू, हरभऱ्याच्या पुरणाचे, अजून कोमट.

"आज माझा दिवस हाय म्हनं, अण्णा. आजवर कवा नव्हता. पोरी म्हनल्या, ज्यानं काढून दिला त्याला आधी दे."

अण्णा उठून उभे राहिले. मी त्यांना साहेबांसाठीसुद्धा इतक्या लगबगीने उठताना पाहिलं नव्हतं. त्यांनी डब्यातून एक कडबू घेतला, मधोमध मोडला आणि मोठा तुकडा तिच्यापुढे धरला.

"तू खा आधी. आमच्या घरात धाकटीनं आधी खायाचं आसतंय."

"मी कुटली धाकटी? केस पांढरं झालं की माझं," नागव्वा हसत म्हणाली, पण तुकडा तिने घेतला. मी मशीनमध्ये उगीचच कोरा कागद चढवला. नागव्वा उभ्या उभ्या कडबू खात होती, आणि तिचा तुकडा संपेपर्यंत अण्णांनी आपला तोंडाला लावला नाही.