पाठीवरचा फड

दगडूतात्या बायकोच्या पाठीवर औषधाची पट्टी लावतात, ते अख्ख्या गल्लीला कळतं. "कालचा फड संपला! आज नवा फड!" अशी आरोळी आली की नांदूरघाटातल्या आमच्या घरी चहाचं आधण चढतं.

तात्या ऊसतोडीचे मुकादम. टोळ्या नेणं केव्हाच सुटलं, दरडावणं नाही सुटलं. त्यांच्या बायकोला, कौसाकाकूंना, विसरण्याचा आजार जडला. गोळ्यांनी उलट्या व्हायला लागल्या, म्हणून डॉक्टरांनी कातडीवर चिकटवायची पट्टी दिली. रोज जुनी काढायची, नवी दुसऱ्या जागी लावायची. तात्यांना हे लगेच पटलं. "तोडलेल्या उसाच्या फडात परत कोयता घालतेत का?" असं ते मला, शेजारच्या सुनेला, ठणकावून विचारतात.

आधी ते दंडावर लावायचे. एकदा पट्टी गायब झाली. तात्यांनी गादी झटकली, गोठा पालथा घातला. शेवटी भांग पाडायला आरशासमोर गेले, तर काकूंनी ती काढून टिकल्यांच्या रांगेत चिकटवलेली! तेव्हापासून पट्टी पाठीवर गेली. तिथं काकूंचा हात पोचत नाही.

आजार जाणार नाही, रेटायचा तेवढा रेटू, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तात्यांचं मागणं एकच, हिनं मला ओळखावं. तपासणीला मीही सोबत गेले होते. डॉक्टरांनी काकूंना नवऱ्याचं नाव विचारलं. काकू गप्प. डॉक्टर हळहळले तसे तात्या उसळले, "सायेब, जलमात कदी घेतलं न्हाई, आजच कावून घेईल?" काकू पदराआड हसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

परवा चहा घेऊन गेले, तर तात्या नवी पट्टी तळव्यानं दाबून धरत होते. काकूंनी मला जवळ ओढलं.

"पोरी, ह्यो मानूस लई भला हाय. रोज औषध लावतो, घास भरवतो. पन आमच्या मालकाला सांगू नगं. लई तापट हायेत."

मला रडू आवरेना. तात्यांचा हात पाठीवरच थांबला. मग कधी नव्हे ते हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मालक तरास देतेत का?"

"छ्या! आरडतेत नुस्ते. मला उपाशी निजू देत न्हाईत कदी. तुमी बी थांबा, ते आले की संगंच जेवा."

तात्यांनी डोळे पुसले. "रडू नगं सूनबाई. मला इसरली, पन मालकाला न्हाई इसरली. लई उपकार हायेत ह्या पट्टीचे."

मग काकूंकडं वळून म्हणाले, "थांबतो की," आणि पाहुण्यासारखे मांडी घालून शेजारी बसले.