धुडकूनानांची लाल झेंडी

आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत कुणाचंही लग्न असो, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगापाशी खाकी कपड्यातला एक माणूस हातात लाल झेंडी घेऊन उभा असायचा. बाहेरगावच्या वऱ्हाडाला वाटायचं, रेल्वेवाल्यांच्यात अशी काहीतरी पद्धत असेल. एका मुलाकडच्या मामांनी तर त्या माणसाला नमस्कार करून हातावर सव्वा रुपया ठेवला होता. त्यांना वाटलं, हा मान द्यायचा राहून गेला.

तो माणूस म्हणजे आमचे शेजारी धुडकूनाना. यार्डात पॉइंट्समन. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची, इंजिनाला झेंडी दाखवायची, हे त्यांचं काम. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे बोलणं अस्सल अहिराणी. उभी नोकरी भुसावळात गेली, पण जिभेने बदली काही घेतली नाही. बायको वारलेली, एकुलती लेक धुळ्याला दिलेली. दोन खोल्यांच्या क्वार्टरात एकटे राहायचे आणि कॉलनीतल्या सगळ्या कुत्र्यांचे पालक असल्यासारखे वागायचे.

लग्नातला त्यांचा पहारा कुत्र्यांना हाकलण्यासाठी असतो, असा माझा सुरुवातीला समज होता. नंतर कळलं, पहारा माणसांवर होता. आपल्याकडची वरण-बट्टीची पंगत तुम्हाला माहीत असेल. तुपात तळलेल्या बट्ट्या, त्यावर वाढप्याने ओतलेलं आणखी तूप, आणि नको म्हणून पानावर आडवा हात धरला तर त्या हातावरसुद्धा तूप. असा जेवलेला माणूस उठतो तेव्हा त्याच्या मनात भूतदया दाटून आलेली असते. पानावरची उरलेली बट्टी उचलून तो मांडवाबाहेरच्या कुत्र्याला ‘यू यू’ करतो. नेमक्या त्या क्षणी त्याच्या नाकासमोर लाल झेंडी फडकायची.

“भाऊ, तो टुकडा तूच खाई ले. तो कुत्रा शे, जवाई नही.”

झेंडी सरकारी नव्हती हं. सरकारी झेंडी खाजगी कामाला वापरणं नानांना पटत नसे, म्हणून त्यांनी शिंप्याकडून स्वतःच्या खर्चाने एक लाल आणि एक हिरवी अशी जोडी शिवून घेतली होती. हिरवीचा उपयोग संध्याकाळी. ड्यूटी संपवून आले की नाना ज्वारीची भाकरी पाण्यात कुस्करायचे, त्यात बिनफोडणीचं, बिनमिठाचं वरण दोन पळ्या घालायचे आणि ओट्यावर उभे राहून हिरवी झेंडी हलवायचे. कॉलनीच्या चारी कोपऱ्यांतून कुत्री धावत यायची. एकदा दिवसाढवळ्या यार्डात त्यांनी इंजिनाला हिरवी दाखवली, तर इंजिन हलायच्या आधी सहा कुत्री रुळाकडेला येऊन बसली. ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, “नाना, आधी यांना सोडू का मी जाऊ?”

खाऊ घालायला बंदी असली तरी लाडाला नव्हती. नानांचं वाक्य ठरलेलं होतं, “लाड हातना कर, ताटना नको.” म्हणजे काय ते ते करूनही दाखवायचे. रस्त्यातल्या कुठल्याही खरजुल्या कुत्र्यापुढे उकिडवे बसून त्याचे कान चोळत राहायचे. भाजी आणायला निघालेले नाना अशा रीतीने दीड तासाने बाजारात पोचत आणि तोपर्यंत वांगी संपलेली असत.

एका साहेबांच्या बाईंकडे पांढरं झुबकेदार कुत्रं होतं. बाई त्याला सकाळी लोण्याचा ब्रेड आणि दुपारी शिरा द्यायच्या. ते कुत्रं इतकं वाटोळं झालं होतं की पुढून येतंय की मागून, हे शेपटी पाहिल्यावरच समजायचं. बंगल्याच्या फाटकाशी नानांनी लाल झेंडी दाखवली तेव्हा आम्हाला वाटलं, आता नानांची बदली इगतपुरीला. पण बाईंनी त्यांना आत बोलावलं. तासाभराने नाना बाहेर आले आणि दुसऱ्या दिवसापासून तो वाटोळा प्राणी साहेबांच्या शिपायाबरोबर कॉलनीला चक्कर मारताना दिसू लागला. शिपाई मात्र नानांना पुढे वर्षभर शिव्या देत होता.

लोक हसायचे, मीही हसायचो. पण मनातून मला त्यांचा हेवा वाटायचा. मी ऑफिसात साधा हेडक्लार्क समोरून आला तरी बाजूला सरकणारा माणूस. नाना वरबापाला अडवायचे आणि साहेबाच्या बाईलाही अडवायचे, आणि तेही एका मुक्या जनावरासाठी, ज्याला आपल्यासाठी कोण भांडतंय हे ठाऊकसुद्धा नव्हतं.

त्यांची आणखी एक गंमत होती. घरी माणूस जेवायला बोलावला की नाना त्याला तुपात बुडवायचे. माणसाच्या बाबतीत झेंडी कायम हिरवी. स्वतः मात्र बट्टी कोरडी खायचे, तुपाचा थेंब नाही. खानदेशी माणूस आणि कोरडी बट्टी! कुणी विचारलं तर म्हणायचे, “काशीले सोडं.” काशीला गेल्यावर आवडती वस्तू सोडून यायची, ही रीत सगळ्यांना माहीत. पण बहुतेक हुशार माणसं तिथे कारलं किंवा दुधीभोपळा सोडून येतात. तूप सोडणारे नाना एकटेच.

आता मी होतो पास सेक्शनला. कुठला कर्मचारी कधी, कुठे, पासावर गेला, हे माझ्या टेबलावरूनच जायचं. एकदा जुने कागद लावताना नानांचे सगळे पास हाती लागले. भुसावळ ते धुळे, धुळे ते भुसावळ. दरवर्षी तेच, लेकीकडे. काशी त्यात कुठेच नव्हती. मी ते पास परत फायलीत लावून टाकले. माणसाने एखादी थाप मारली तर मारू द्यावी, तीही तुपाच्या बाबतीतली.

आमच्या घरी आई होती, मी, माझी बायको, आणि टिप्या. टिप्या म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेलं काळं कुत्रं. वडील गेल्यावर आईला करमेना, तेव्हा ते पिल्लू तिच्या पदरात येऊन पडलं आणि तिथेच वाढलं. आईचं माहेर आणि सासर दोन्ही जामनेरकडचं. ती टिप्याशी जितकं बोलायची तितकं माझ्याशीही बोलत नसे. नानांच्या धाकाने टिप्याला भाकरीच मिळायची. आई कुरकुरायची, पण भिंतीपलीकडे नाना असायचे आणि त्यांचं नाक तिखट होतं.

त्या वर्षी श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशींची देवी, बसल्या. कानबाईच्या रोटांचा नियम कडक असतो. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्या पिठाचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनी, भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही, टाकायचाही नाही. आईने दोन्ही काकांच्या, चुलतभावांच्या नावाने मुठी घेतल्या आणि ऐन वेळी वाटेतल्या नाल्याला पूर आला. जामनेरहून कुणी आलंच नाही. रोटांनी भरलेली टोपली आणि खाणारे आम्ही तिघं.

दोन दिवस आम्ही रोट खाल्ले. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात पळालो, बायकोने उपास काढला. आई टोपलीपुढे बसून राहिली. देवीचा रोट वाया जातो, या विचाराने तिला घास गोड लागेना. आणि मग तिने दार लोटून घेतलं, रोट तुपात कुस्करला, वर खिरीची पळी ओतली आणि टिप्याला हाक मारली. एका दिवसात तीनदा. तिच्या दृष्टीने नियम पूर्ण पाळला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिप्या ओकायला लागला. पिवळं पाणी पडेपर्यंत ओकला. मग पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर करून तसाच उभा राहिला. बसेना की हलेना. आईने दूध पुढे केलं तर तोंड फिरवलं. ती रडायलाच लागली.

ओकारीचा आवाज ऐकून नाना आले. टिप्याला त्या अवस्थेत पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मी त्या माणसाला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

“अक्का, काय खावाडं याले?”

“काई नाई, नाना. भाकर दिली.”

“अक्का, खरं सांग. डाक्टरले खोटं सांगं ते सुई बी खोटी लागी.”

आई माझ्याकडे बघायला लागली. रोट दिला म्हणावं तर नानांपुढे चोरी उघडी पडत होती, न म्हणावं तर डोळ्यांदेखत टिप्या जात होता. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाली, “कानबाईचा रोट दिला, तुपात. बाहेरच्याले देता येत नाई ना. अन् टिप्या काय बाहेरचा हाये का?”

मला वाटलं, नाना आता फाडून खातील. पण त्यांनी टिप्याला गोणपाटात घेतला, माझ्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवला आणि म्हणाले, “चाल भाऊ.” मी सायकल ढकलत होतो, नाना एका हाताने टिप्याला धरून शेजारून पळत होते. दुसऱ्या हातात लाल झेंडी तशीच होती. चौकातल्या एका ट्रकवाल्याने ती पाहून खरोखरच ब्रेक मारला.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते. पोट दाबून पाहिलं, काय खाल्लं ते विचारलं. म्हणाले, “स्वादुपिंडाला सूज आलीय. आपल्याला पचतं म्हणून त्यांना पचत नाही. इतकं तूप एकदम पोटात गेलं की असं होतं, कधी जिवावरही बेततं. वेळेवर आणलंत आणि खरं सांगितलंत, म्हणून पुढचं नीट ठरवता येतं.” त्यांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. उद्यापर्यंत तोंडात काहीही द्यायचं नाही, रोज सलाईनला आणायचं, आणि मी सांगेन तेव्हा चमचा चमचा पाणी, असं बजावलं.

आमच्या आईला हे ऐकवणं म्हणजे अन्यायच. आजाऱ्याला काही द्यायचं नाही म्हणजे काय? नानांनी रजा टाकली आणि आमच्या ओट्यावर टिप्याशेजारी बैठक मारली. दाराच्या कडीत लाल झेंडी खोचली. आई वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची, झेंडीकडे बघायची आणि परत जायची. एकदा म्हणाली, “नाना, दूध नाई, नुसती साय हाये.” नानांनी हात जोडले, तेव्हा तीच खुदकन हसली. हसता हसता पुन्हा रडली.

चौथ्या दिवशी सकाळी टिप्याने भाताचं पाणी चाटलं आणि शेपटी दोनदा आपटली. आईने कानबाईच्या नावाने देवापुढे नारळ ठेवला आणि नानांपुढे चहा. मग तिने विचारलं, “पाहताबरोबर कसं वळखलं तुम्ही?”

नानांनी टिप्याच्या पाठीवर हात ठेवला.

“आमना घर राणी होती. घरधनीननी कुत्री. ती मरी गयी ना, तवयपाईन राणीनी तोंडमा काही लिधं नही. तेराव्याले बट्टी करी होती. मी तुपमा कुस्करी, मांडीवर लिधी तिले. म्हनं, तुनी मायनं जेवन शे, खाई ले.” ते थांबले. “तिले खावानं नव्हतं. मना मन राखाकरता खाधं. मना हातनं. दुसरा दिन अशीच हुभी राहिनी, टिप्यासारखी. मले वाटनं, शोक शे. ताकद यावी म्हनीसन आखो जास्ती तूप दिधं.”

आईच्या हातातली बशी तशीच राहिली.

मी हळूच म्हणालो, “मग नाना, काशी?”

“काशी कसानी, भाऊ. जठे तिले गाडं, यार्डना कडले, तठेच सोडं तूप.” मग कप खाली ठेवत म्हणाले, “लोकेसले काय सांगू? कुत्रीकरता सोडं म्हनं ते हासतीन.”

आम्ही कुणी हसलो नाही. इतकी वर्षं त्यांच्या झेंडीवर हसलो, त्याची मला तेव्हा फार लाज वाटली. त्या झेंडीसमोर आलेल्या प्रत्येक माणसात नाना स्वतःलाच अडवत होते, हे मला तोवर कळलं नव्हतं.

पुढच्या श्रावणात पुन्हा कानबाई आल्या. या वेळी आईने आधीच निरोप धाडून खात्री करून घेतली, मगच गहू काढले. मी शेजारी बसून नावं घेत होतो. थोरले काका, धाकटे काका, चुलतभाऊ, मी. नावं संपली तरी आईने आणखी सव्वा मूठ सुपात घातली.

“ही कुणाची?”

“धुडकूनानांची,” आई म्हणाली. “टिप्या घरचा, तर त्याले वाचवणारा बाहेरचा कसा?”

थोरल्या काकांनी भुवया उंचावल्या. पण आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने पाटावर बसले. त्यांच्या शेजारी नाना. अंगात इस्त्रीची खाकी, काखेत झेंडी. आई तुपाची वाटी घेऊन पंगतीत फिरली, पण नानांच्या पानापाशी आली तेव्हा न विचारता पुढे गेली. नानांनी ते पाहिलं. कोरडा रोट मोडला. मग खालमानेने जेवू लागले.

टिप्या येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला. नाना उजव्या हाताने रोट खात होते आणि डाव्या हाताने, जेवण संपेपर्यंत, त्याचा कान चोळत होते.